भोंग्यावरचं दूध

मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४. भारताचे संविधान स्वीकारले गेले त्याला त्या दिवशी पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्याच सकाळी देवळाली प्रवऱ्याबाहेरच्या एका वस्तीवरील वृषालीला मुलगी झाली. वजन दोन किलो सहाशे ग्रॅम. पहिली गोष्ट कुणालाही पडताळून पाहता येईल. दुसरी माता-बाल कार्डावर निळ्या शाईत नोंदलेली आहे. यापुढची हकीकत मात्र स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या एका दिनदर्शिकेवर आणि त्या मुलीच्या आजीच्या, भागिरथीबाईंच्या, सांगण्यावर उभी आहे. या दोन साक्षींपैकी दिनदर्शिका काही आठवडे खोटे बोलली आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

भागिरथीबाईंच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९६७ अशी आहे. वस्तीवरच्या त्यांच्या वयाच्या बहुतेक बायकांची तीच तारीख आहे. याचा अर्थ खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही, एवढाच. त्या शाळेत गेल्या नाहीत आणि घड्याळ त्यांना वाचता येत नव्हते. तरी त्यांची वेळ चुकल्याचे कुणाला आठवत नाही, कारण ओढ्यापलीकडे साखर कारखाना होता आणि कारखान्याला भोंगा होता. हंगामात तो दिवसा तीनदा वाजे: सकाळी आठला, दुपारी बाराला, चारला. प्रत्येक मोठ्या भोंग्याच्या अर्धा तास आधी एक आखूड भोंगा होई. भाकरी थापायची, शेळी सोडायची, अंगणात पाणी मारायचे, सगळे त्यावर.

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी लोकांच्या उसात काम केले. बेणे लावणे, खुरपणे, पाचट ओढणे. तान्ही पोरे बांधावरच्या लिंबाला बांधलेल्या झोळीत असत, आणि मुकादमाचा नियम असा, की पाजायला सुटायचे ते भोंग्यावरच.

“भोंगा झाला का छाती भरून यायची,” त्या सांगतात. “पोर रडायच्या आधी लुगडं वलं. तीन पोरं वाढवली मी भोंग्यावर. घड्याळ कुनी बघितलं हुतं?”

या तिघांपैकी धाकटा प्रवीण. तो टेम्पो चालवतो. वृषाली त्याची बायको. बारावी झालेली, नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात ठेकेदारामार्फत कामाला. गळ्यात ओळखपत्र अडकवून घराबाहेर पडणारी या घरातली ती पहिली बाई. ते ओळखपत्र ती बाळंतपणातही खुंटीला न लावता उशाशी ठेवत असे.

मातृत्व रजा सव्वीस आठवड्यांची असते, हे तिने मोबाईलवर वाचले होते. ठेकेदाराने फोनवर सांगितले, की ते कंपनीच्या माणसांसाठी. ठेक्यावरच्या बायकांना तीन महिने, त्यात आठ दिवस वर दिले समजा, आणि सोमवारी ३ मार्चला हजर नसाल तर दुसरी बाई उभी आहे. यातले काहीही कागदावर नाही. दुसरीकडे आशा सेविका सविता दर भेटीला बजावून जाई, की सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबसुद्धा नको. वृषालीला दोन्ही हवे होते: नोकरीही आणि मुलीला आपले दूधही. ती सकाळी सहाला निघणार आणि पावणेसहाला परतणार. मधले जवळपास बारा तास पिळून ठेवलेल्या दुधावर, वाटी-चमच्यावर आणि भागिरथीबाईंवर काढायचे होते.

“मी हाय ना,” भागिरथीबाई म्हणाल्या होत्या. “तू बिनघोर जा.”

हा शब्द त्यांनी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दिला. त्या शब्दापायी पुढचे सारे घडले.

मुलीचे नाव संस्कृती. आजोबा रंभाजी जन्मतारखेच्या कौतुकाने ‘संविधानी’वर अडून बसले होते. शेजारच्या बनुबाईंनी तो बेत मोडून काढला. “अवो भाऊजी, मास्तरला हाजरी घेताना उचकी लागंल की!” रंभाजी कारखान्याच्या गव्हाणीवर, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, बावीस हंगाम हंगामी कामगार होते, आता गुडघ्यांमुळे ओट्यावर बसून असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारतात.

वृषालीने आधी आपल्या पद्धतीने सुरुवात केली. मोबाईलवर दर दोन तासांचा गजर लावला, वहीच्या पानावर रकाने आखले: दूध, झोप, शी, शू. मुलीने चमचा ओठाला लागताच तोंड घट्ट मिटले. दूध हनुवटीवरून मानेच्या वळीत गेले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. झोपेचेही काही धड नव्हते. गजर झाला की झोपलेली उठे आणि जागी असली तर दचके.

पाचव्या दिवशी भागिरथीबाईंनी मोबाईल उचलून फळीवर उपडा ठेवला.

“त्याला घरात सात गानी हायेत,” त्या म्हणाल्या. “प्रवीणचा फोन आला तरी वाजतंय, गॅसवाल्याचा आला तरी वाजतंय. पोरीनं कुटलं दुधाचं समजायचं?”

“मग आत्या, तिला कसं कळंल वेळ झाली म्हणून?” वृषालीने विचारले. सासूला ती आत्याच म्हणे.

“बाराचा भोंगा एकच हाय.”

ओट्यावरून रंभाजींचा आवाज आला, “व्हय, आन् हिला पाळी कोनती लावायची? जनरल का दुसरी?”

वृषाली हसली, पण तिला पटले नव्हते. तिने सविताला विचारले. सविताने, बाळाला ठरावीक आवाजाची, ठरावीक जागेची सवय लागते, असे मोघम सांगितले. चार तासांचे अंतर तिला मान्य नव्हते. तेव्हा तडजोड निघाली: मोठे दूध भोंग्यावर, आठ, बारा आणि चारला, मधली दोन, दहाची आणि दोनची, उन्हाच्या अदमासाने. एकूण पाच. प्रत्येक दूध पोटात गेले की दिनदर्शिकेच्या त्या तारखेच्या चौकोनात एक रेघ मारायची. लिहिता न येणाऱ्या माणसालाही रेघ मारता येते, म्हणून ही पद्धत. पुढे वृषाली कामावर जाऊ लागली की रविवारी रेघ नाही. त्या दिवशी ती अंगावरच पाजणार.

आखूड भोंग्याला भागिरथीबाई फ्रिजमधली वाटी काढून कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवत. वृषाली तेवढ्यात मागच्या दाराने बनुबाईंकडे जाई, कारण आईचा वास आला की मुलगी चमच्याकडे पाहतही नसे. मग त्या मुलीला उजव्या मांडीवर घेत, पदराचे टोक तिच्या गालाखाली सरकवत आणि काही न करता बसून राहत. मोठा भोंगा झाला की पहिला चमचा. भोंगा नाही तर चमचा नाही, मग मुलगी किती का रडेना. दूध झाले की झोळी.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातल्या रेघा दोन, एक, तीन, दोन अशा आहेत. काही अर्ध्याच ओढलेल्या, म्हणजे अर्धी वाटी. एका चौकोनात रेघ मारून खोडलेली आहे, कारण मुलीने घेतलेले सारे ओकून टाकले होते. हा पंधरवडा विश्वासार्ह आहे. तो ओबडधोबड आहे, यावरून तसे म्हणता येते.

१७ फेब्रुवारीच्या दुपारी भोंगा सुरू झाला आणि वाटी अजून भागिरथीबाईंच्या हातातच असताना संस्कृतीने तोंड उघडले. चिमणीच्या पिलासारखे, डोळे मिटून. भागिरथीबाईंनी चमचा लावला, तिने गिळले, पुन्हा तोंड उघडले. त्या दिवशी चार रेघा. १९ तारखेपासून रोज पाच. बाराचे दूध झाले की ती झोळीत दोनपर्यंत निजे आणि चारच्या आखूड भोंग्याला मुठी चोखू लागे.

वस्तीवरच्या बायका बघायला येऊ लागल्या. बनुबाई मुद्दाम बाराला हजर राहत.

“आगं बया, कामगारच हाय की ही! बघ, भोंगा झाला आन् डबा उघडला.”

“हिला बोनस द्या म्हनावं दिवाळीला,” रंभाजी म्हणाले.

“आधी पर्मनंट करा. तुमाला बावीस वरसांत न्हाई केलं, निदान नातीला तरी.”

भागिरथीबाई तोवर मोरीकडे वळत. त्या वाटी विसळत. पण त्या दिवसांत त्यांनी वेणी नीट घालायला सुरुवात केली होती, असे बनुबाई सांगतात. आयुष्यभर मुकादमाच्या सोयीसाठी पाळलेला एक नियम आता त्यांची विद्या ठरला होता, आणि ती बघायला माणसे येत होती.

१ मार्चला संस्कृतीचे वजन पाच किलो भरले. कार्डावर हिरव्या पट्ट्यात ठिपका पडला. ३ मार्चला पहाटे वृषालीने मुलीला पाजले, ओळखपत्र गळ्यात घातले आणि ती फाट्यावर गाडी पकडायला गेली. त्या आठवड्यात रोज पाच रेघा आहेत. सहा दिवस, तीस रेघा. भागिरथीबाई आजही सांगतात, की त्या तीसच्या तीस खऱ्या. त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण सापडत नाही.

त्या वर्षी ऊस कमी होता. हंगाम पाडव्यापर्यंत चालेल असा घरातल्या सगळ्यांचा हिशेब होता. रंभाजींनीही तसेच सांगितले होते. शनिवारी, ८ मार्चला संध्याकाळी कारखान्याने हंगाम बंदचा भोंगा दिला. तो नेहमीच्या भोंग्यासारखा थांबत नाही, लांबत जातो. संस्कृतीने तोंड उघडले, वाट पाहिली, आणि भोंगा संपतच नाही म्हटल्यावर ती घाबरून रडू लागली. भागिरथीबाई तिला खांद्यावर घेऊन ओट्यावर आल्या.

“गव्हान बंद झाली,” रंभाजी म्हणाले. “आता कार्तिकातच.”

“मग बाराचा?”

“कशाचा बाराचा? बॉयलरच इझला, तर वाफ कुटली?”

इतकी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. चाळीस उन्हाळे त्यांनी भोंग्याविना काढले होते. पण उन्हाळ्यात उसाचे काम थांबे, मुले मांडीवरच असत आणि वेळेची गरजच पडत नसे.

सोमवारी प्रवीणने भिंतीवर घड्याळ आणून लावले. भागिरथीबाईंनी त्याला विचारून घड्याळाच्या काचेवर लहान काट्याच्या जागी पाच टिकल्या चिकटवल्या, आठला, दहाला, बाराला, दोनला, चारला. दोन दिवसांत त्या काटा टिकलीखाली आला की नेमकी वाटी काढू लागल्या. अदमास संपला होता. आता त्यांची वेळ पूर्वीपेक्षा जास्त अचूक होती. म्हणून वेळ कळेनाशी झाली आणि घडी विस्कटली, हे स्पष्टीकरण टिकत नाही.

संस्कृतीने तोंड उघडले नाही. चमचा लागला की मान डावीकडे, पुन्हा लागला की उजवीकडे. दहा वाजता झोपून ती एकला उठू लागली, चार वाजता झोपून आई यायच्या वेळेला डोळे उघडू लागली, आणि उघडल्या क्षणापासून किंचाळू लागली. प्रवीणने मोबाईलवर कुठल्याशा भोंग्याचा आवाज शोधून आणला. तो वाजवताच मुलगी दचकून निळी पडेपर्यंत रडली. “बंद कर त्ये मढं!” भागिरथीबाई ओरडल्या.

मग एका दुपारी रंभाजी भिंतीला धरत धरत आत आले, दारात उभे राहिले, दोन्ही हातांची पोकळी करून त्यांनी तोंडाने भोंगा वाजवला. बावीस हंगाम कानावर पडलेला आवाज होता, बराच जमला. संस्कृती त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली आणि हसली. खळखळून, आवाज करून. जन्मल्यापासून पहिल्यांदा. रंभाजींनी पुन्हा वाजवला, ती पुन्हा हसली. भागिरथीबाईंनी संधी साधून चमचा लावला. तिने दूध फुर्रकन उडवून दिले आणि आणखी हसली.

“पोट भरलं तिचं हसून,” रंभाजी म्हणाले. त्यानंतर त्यांनी तो प्रयोग केला नाही.

पहिली खोटी रेघ मंगळवारी, ११ मार्चला बाराच्या दुधाची पडली. मुलगी झोपली होती. उठली की घेईल, तासाभराचा तर प्रश्न, असे म्हणून भागिरथीबाईंनी रेघ आधीच ओढली. ती उठली, तीन चमचे घेतले आणि चौथा थुंकला. रेघ खोडावी, असे त्यांच्या मनात आले. तेवढ्यात वृषालीचा फोन आला, जेवणाच्या सुट्टीतला.

“आत्या, घेतलं का बाराचं?”

“घेतलं की.”

“सगळं?”

“वाटी चाटून.”

पलीकडे गोंगाटात वृषाली कुणाला तरी म्हणाली, “घेतलं गं,” आणि दोघीतिघी हसल्याचा आवाज आला. भागिरथीबाईंनी खोडरबर फळीवर ठेवून दिले.

त्यानंतर रोज पाच. सरळ, सारख्या उंचीच्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. त्या आठवड्यांतला एकही चौकोन डागाळलेला नाही. उरलेले दूध त्या मागच्या शेवग्याच्या मुळाशी ओतत. अंगावरचे दूध पायदळी येऊ द्यायचे नाही, नाहीतर आईला आटते, असे त्यांच्या सासूने सांगितले होते, आणि तो नियम त्यांनी एकदाही मोडला नाही. वृषालीचे दूध आटू नये म्हणून त्या तिचे दूध रोज जपून मातीला घालत होत्या.

घरी आलेल्या वृषालीला दिसे ते इतकेच: भिंतीवर पाच रेघा आणि छातीशी घेतल्यावर चार घोट ओढून कमान करणारी, रडणारी मुलगी. तिने त्याचा अर्थ लावला, की दिवसभर पोट भरते म्हणून आता अंगावर नको असते. कारखान्यात पिळायला जागा नव्हती. स्वच्छतागृहात उभ्याने जमेल तेवढे करावे तर बाहेरून दार वाजे. दूध उतरू लागले. सकाळच्या दोन पेल्यांचा एक झाला. तरी एवढ्यातही पाच रेघा होतात, म्हणजे पुरते आहे, असे तिला वाटले. तिने रेघांवर विश्वास ठेवला. ती पद्धत तिनेच घालून दिली होती.

५ एप्रिलला सविताने वजन केले. चार किलो नऊशे. ठिपका हिरव्या पट्ट्यातून निसटून पिवळ्यात आला.

“मावशी, महिन्यात वाढायच्या ऐवजी कमी झालंय. वृषालीताईंना सांगा. घरी राहायला पाहिजे, नाहीतर डॉक्टरांना दाखवा.”

“दात येत्यात तिला.”

“पाचव्या महिन्यात?”

“आमच्यात लौकर येत्यात.”

सविताने कार्डावर वजन लिहिले, सही केली आणि कार्ड भागिरथीबाईंच्या हातात दिले. त्यांनी ते पेटीत, साड्यांच्या तळाशी ठेवले. त्या दिवशी घरात दोन कागद होते. एकावर वजन घटत होते, दुसऱ्यावर रोज पाच दुधे पोटात जात होती. दोन्ही शेजारी ठेवून पाहणारे कुणी नव्हते.

१४ एप्रिलला सोमवारी जयंतीची सुट्टी होती. कामाच्या वारी वृषाली पहिल्यांदाच दिवसा घरात होती. तिने निळी साडी नेसली, मुलीला निळे झबले घातले. मिरवणूक संध्याकाळी होती. अकराच्या सुमारास ती म्हणाली, “आत्या, आज बाराचं तुमीच पाजा. मी बाजूला हुभी राहून बघते. तोंड कसं उघडते ते मी एकदापन न्हाई बघितलं.”

“कशाला? आज अंगावर पाज की. रोज कुटं मिळतंय तिला.”

“बघू तर द्या.”

ती वाटी घ्यायला स्वयंपाकघरात गेली आणि दिनदर्शिकेसमोर थांबली. १४ तारखेच्या चौकोनात पाच रेघा होत्या. बारा अजून वाजायचे होते.

भागिरथीबाई मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना कळले होते. वृषाली बाहेर आली ती ओरडत नव्हती.

“चारची रेघ अकराला कशी पडली, आत्या?”

भागिरथीबाईंनी पदर सारखा केला.

“कवापासनं?”

“भोंगा बंद झाल्यापासनं.”

“महिना झाला त्याला!”

“आज घेईल, उद्या घेईल, असं वाटत हुतं पोरी. तुला सांगितलं असतं तर तू घरी बसली असतीस. ते कार्ड गळ्यात घालून जातीस तवा किती बरं वाटतंय तुला, मी बघती ना. मी शबूद दिलता.”

“शब्द ठेवून मी काय करू? पोरीच्या पोटात काय घालू, शब्द?” आता तिचा आवाज फाटला. “तुमी एकदा म्हनायचं हुतं, घेत न्हाई म्हनून. एकदा! मी त्याच दिवशी घरी बसले असते.”

“तीन पोरं वाढवली मी...”

“चार हुती,” ओट्यावरून रंभाजी म्हणाले.

प्रवीण उंबऱ्यात झेंड्याची काठी घेऊन उभा होता. त्याने आईकडे पाहिले. त्याला हे ठाऊक नव्हते. प्रवीणच्या आधीची एक मुलगी सात महिन्यांची होऊन गेली होती. तिची जन्माची नोंद नाही, मृत्यूचीही नाही. भागिरथीबाईंच्या मोजणीत ती कधी येत नसे.

“ती भोंग्यानं न्हाई गेली,” भागिरथीबाई हळू म्हणाल्या. “ती तापानं गेली.”

“मी कुटं म्हनलं भोंग्यानं गेली,” रंभाजी म्हणाले. “चार हुती, येवढंच म्हनलं.”

१५ एप्रिलपासून वृषाली कामावर गेली नाही. आठव्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला आणि तिचे नाव कमी झाले. सविताने सांगितले, मुलीला सारखे छातीला लावा, ओढेल तसे दूध पुन्हा येते. वृषालीने शतावरी घेतली, मेथी खाल्ली, डिंकाचे लाडू खाल्ले. बनुबाईंनी हळिवाची खीर आणून दिली. दिवसात दहा वेळा ती मुलीला पदराखाली घेई आणि दहाही वेळा संस्कृती दोन्ही तळहात तिच्या छातीवर टेकवून स्वतःला मागे ढकली. भुकेलेली असली तर जास्तच. चमच्याशी लढून लढून तिने जे शिकून घेतले होते, तेच ती आता आईवर वापरत होती.

त्या दिवसांत एकदा भागिरथीबाई म्हणाल्या, “सोडलीस ते बरं केलंस नोकरी. माज्याच तोंडातनं आधी निघायला पायजे हुतं.”

वृषाली म्हणाली, “आता निघून काय उपेग?” एवढेच. तिने त्यांच्याशी भांडण काढले नाही, अबोलाही धरला नाही. भाजी काय करू, असे ती विचारत राही. भागिरथीबाईंना तिने दोन शिव्या घातलेल्या परवडल्या असत्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दूध पूर्ण आटले. डॉक्टरांनी पावडरीचा डबा लिहून दिला आणि तीन-तीन तासांची वेळ लिहून दिली. ती वेळ मुलगी मानत नाही. कधी दीड तासाने घेते, कधी सहा तास तोंड उघडत नाही. झोप तर दिवसागणिक वेगळी. वृषालीने नागापूरला दोन ठिकाणी विचारून पाहिले. जागा भरली होती. जूनपासून ती भागिरथीबाईंशी आळीपाळीने लोकांच्या उसात खुरपायला जाते. एक जण गेली की दुसरी घरी, असा त्यांचा क्रम आहे. त्यामुळे दोघींची गाठ फक्त उंबऱ्यावर पडते, मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर देताना. देताना वृषाली शेवटचे किती घेतले ते विचारते. भागिरथीबाई आता चमचे मोजून सांगतात. “साडेतीन.” वृषाली मान हलवते. तिने त्या आकड्यावर विश्वास ठेवला की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून भागिरथीबाईंना आजवर कळलेले नाही.

७ जूनच्या नोंदीप्रमाणे संस्कृतीचे वजन पाच किलो दोनशे आहे. ठिपका पिवळ्या पट्ट्याच्या खालच्या कडेला आहे.

जे अजून ठाऊक नाही ते असे. मुलीने तोंड फिरवले ते भोंगा थांबला म्हणून, की आई कामावर गेली म्हणून, हे ठरवता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या आणि त्यांना वेगळे करायला त्या सहा दिवसांच्या तीस रेघांपलीकडे एकही नोंद नाही. ११ मार्च ते १४ एप्रिलपर्यंतचे रविवार वगळता तीस दिवस होतात, म्हणजे दीडशे रेघा. त्यांतल्या काही खऱ्या असतील. कुठल्या, हे भागिरथीबाईंनाही आता सांगता येत नाही. त्यांना दिनदर्शिका दाखवली तेव्हा त्यांनी बोट ठेवले, उचलले, दुसऱ्या रेघेवर ठेवले आणि हात मांडीत घेतला. पहिल्याच दिवशी खरे सांगितले असते तर दूध टिकले असते का, हे कुणालाही माहीत नाही.